लपवलेलं छिद्र

(स्मृती व्याख्यानमालेत शिरूर येथे दिलेलं व्याख्यान)



हृदयविकारावर बोला, असा आयोजकांचा निरोप होता. हृदयविकार म्हटलं की झटका, अँजिओग्राफी, तेलातुपाचं पथ्य हेच डोळ्यांपुढे येतं. आज मी त्याबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे ते अशा आजाराबद्दल, ज्याचं नाव इथे फार थोड्यांनी ऐकलं असेल आणि ज्याच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. जन्मापासून हृदयात दोष असलेल्या माणसाच्या झडपेला जंतू लागतात, तो हा आजार. डॉक्टरी भाषेत इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस.

आधी ती हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि साल सांगत नाही.

दौंड तालुक्यातलं माहेर, शिरूर तालुक्यातलं सासर. वय २३, लग्नाला दीड वर्ष झालेलं. संध्याकाळ झाली की कणकण, रात्री घामाने उशी भिजायची, सकाळी उठून पुन्हा कामाला. एका डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला, आठवड्याने परत आला. दुसऱ्यांनी सलाईन लावलं, पाच इंजेक्शनं दिली. पुन्हा तेच. मग खोकला लागला, श्वास घेताना छातीत कळ येऊ लागली. एक्स-रेत दोन्ही बाजूंना ठिपके दिसले, न्यूमोनिया ठरला. महिन्याभराने ते ठिपके जागा बदलून दिसले, तेव्हा क्षयाची औषधं सुरू झाली. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते. अंगावरचे कपडे तोवर सैल झाले होते.

या साखळीतली एक कडी मी होतो. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, पाठीला नळी लावून फुप्फुसं ऐकली आणि आणखी एक प्रतिजैविक लिहून दिलं. छातीला पुढून नळी लावली नाही. नवी सून, समोर सासू, बाहेर रांग. संकोच होता आणि घाईही होती. पुढून, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला नळी टेकवली असती तर अर्ध्या मिनिटात निदानाची वाट सापडली असती.

तीन आठवड्यांनी ती परत आली. सासूबाई केसपेपर काढायला बाहेर गेल्या, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, शाळेत असताना तपासणीत सांगितलं होतं, माझ्या काळजाला बारीक भोक आहे. आत्यांना माहीत नाही. वडिलांनी सांगू नको म्हटलंय."

मग मी नळी लावली. आवाज इतका मोठा आणि खरखरीत होता की तळहाताला त्याची थरथर लागत होती. पुण्याला पाठवून इको केला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात लहानसं छिद्र होतं, आणि त्याच्यासमोर उजव्या बाजूच्या झडपेवर जंतूंचा एक झुबका लोंबत होता, प्रत्येक ठोक्याला हलत होता. त्याचे कण सुटून रक्तासोबत फुप्फुसात जात होते. एक्स-रेत जागा बदलणारे ठिपके ते हेच. तो न्यूमोनिया नव्हता आणि क्षयही नव्हता.

कोणता जंतू आहे हे कळावं म्हणून रक्ताची तीन कल्चरं केली. एकातही काही उगवलं नाही. उगवणार कसं? दोन महिने आम्ही सगळ्यांनी मिळून त्या रक्तात औषध ओतलं होतं. जंतू मारण्याइतकं नव्हे, लपवण्यापुरतं.

आता हे घडतं कसं ते सांगतो. ज्यांनी रात्री उसाला दारं धरली आहेत त्यांना हे चटकन कळेल. चारीचं तोंड रुंद असेल तर पाणी शांतपणे सरीत जातं. पण बांधाला बारीक भगदाड पडलं तर त्यातून पाण्याची चिळकांडी उडते आणि समोरच्या काठाची माती खरवडून काढते. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात रक्ताचा दाब साधारण १२० असतो, उजव्या कप्प्यात २५ च्या आसपास. मधल्या पडद्याला लहान छिद्र असेल तर त्यातून रक्त सेकंदाला जवळजवळ ५ मीटर वेगाने उजवीकडे उडतं. समोरच्या झडपेचं अस्तर खरवडलं जातं. खरचटल्या जागी शरीर आपल्या सवयीने रक्त गोठवणाऱ्या पेशी आणि तंतू यांचा बारीक थर चढवतं. एरवी तो निरुपद्रवी असतो. पण त्याच दिवशी किडलेल्या दातातून, सुजलेल्या हिरडीतून रक्तात चार जंतू उतरले तर त्यांना बसायला आयती जागा मिळते. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, त्यामुळे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे पोचत नाहीत. तंतूंच्या थरांआड जंतू वाढत राहतात.

इथे एका गैरसमजाबद्दल बोललं पाहिजे. "छिद्र लहान आहे, काळजीचं कारण नाही" हे वाक्य आम्ही डॉक्टर सांगतो. ते एका अर्थी खरं आहे. लहान छिद्राने मुलाला दम लागत नाही, वाढ खुंटत नाही, बऱ्याच मुलांचं छिद्र आपोआप बुजतंही. फ्रेंच डॉक्टर आंरी रोजे यांनी १८७९ मध्येच लिहून ठेवलं होतं की मोठा आवाज करणारं लहान छिद्र घेऊन माणूस कसलाही त्रास न होता जगू शकतो. पण छिद्र जितकं बारीक, तितकी धार जोरात, हेही खरं. सर्वसाधारण लोकांत हा आजार वर्षाला लाखात ३ ते १० जणांना होतो. अशा छिद्राच्या रुग्णांवर अमेरिकेत अनेक वर्षं चाललेल्या पाहणीत हे प्रमाण १० हजार रुग्णांमागे वर्षाला १४ ते १५ निघालं. म्हणजे धोका अनेक पटींनी जास्त, तरीही एका माणसाच्या दृष्टीने क्वचितच. याने कोणी झोप उडवून घेऊ नये. लक्षात मात्र ठेवावं.

सगळे दोष सारखे नसतात. वरच्या दोन कप्प्यांमधल्या नेहमीच्या छिद्रात दाबाचा फरक फार कमी, म्हणून तिथे हा संसर्ग जवळजवळ होतच नाही. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं, हा दोष शंभरातल्या एकदोघांत असतो आणि बहुतेकांना तो माहीतही नसतो. तिथे हा संसर्ग होऊ शकतो. निळी पडणारी मुलं, कृत्रिम झडप बसवलेली माणसं, हे सर्वांत जोखमीचे.

या आजाराचा इतिहास मला नेहमी अस्वस्थ करतो. सर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेजात यावर व्याख्यानं दिली, तीही आजच्यासारखी व्याख्यानमालेतच. ताप, घाम, हृदयातला आवाज, अवयवांत अडकणारे कण, हे सगळं चित्र त्यांनी उभं केलं. पुढे १९११ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये गुस्ताव माहलर हे जगप्रसिद्ध संगीतकार असेच तापाने आजारी पडले. त्यांच्या झडपेत जुना दोष होता. डॉक्टर इमॅन्युअल लिबमन यांच्या सहाय्यकाने त्यांच्या दंडातून रक्त काढलं, ते वाढवून पाहिलं, आणि चार-पाच दिवसांत त्यात स्ट्रेप्टोकॉकस जंतू उगवला. निदान पक्कं झालं. औषध जगात नव्हतं. १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात माहलर गेले, वयाच्या पन्नासाव्या वर्षी.

औषध यायला आणखी तीस वर्षं लागली. पेनिसिलिन निघालं तरी सुरुवातीच्या लहान मात्रांनी हे रुग्ण बरे होईनात, आणि युद्धकाळात औषध इतकं दुर्मिळ की या आजारावर ते वाया घालवू नये असं अमेरिकेतल्या समितीचं मत पडलं. ब्रुकलिनच्या लिओ लोवे यांनी ते मानलं नाही. मोठी मात्रा, सलग, शिरेतून देत राहून त्यांनी ओळीने सात रुग्णांत गुण आल्याचं १९४४ मध्ये प्रसिद्ध केलं. जवळजवळ हमखास मरण आणणारा आजार त्या सात खाटांवर पहिल्यांदा मागे हटला.

आणि मग ते औषध आपल्या दाराशी आलं. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. याच आपल्या पुणे जिल्ह्यात. आजही दातातल्या साध्या स्ट्रेप्टोकॉकसने हा आजार झाला असेल तर पेनिसिलिन चालतं, मात्र रोज १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख युनिट, शिरेतून, सलग चार आठवडे.

माहलर यांच्या वेळी जंतू हातात सापडला होता आणि औषध नव्हतं. माझ्या रुग्णाच्या वेळी औषध तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात होतं आणि जंतू आम्ही आमच्या हाताने पुसून टाकला होता. हे मी विसरू शकत नाही.

रक्त औषधाआधी का काढायचं, याचं उत्तर साधं आहे. एकदा प्रतिजैविकाच्या गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू उगवण्याची शक्यता बरीच घटते. जंतू कळला नाही तर दोन-तीन औषधं अंदाजाने सहा आठवडे द्यावी लागतात. त्यांचा भार किडनीवर आणि कानांवर पडतो. आणि हे भोगावं लागतं ते बहुधा तरुणांना. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाने १९८१ ते १९९१ या काळातल्या आपल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जवळपास एक तृतीयांश रुग्ण जन्मजात दोषाचे होते आणि सरासरी वय पंचविशीच्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने म्हाताऱ्यांचा. आपल्याकडे नुकतं लग्न झालेल्यांचा, नुकतेच नोकरीला लागलेल्यांचा.

करायचं काय असतं? वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून तीन वेळा रक्त घ्यायचं. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. शिरूर काय, दौंड काय, पुण्यापासून ७० किलोमीटरच्या आसपास. सकाळी काढलेलं रक्त दुपारी प्रयोगशाळेत पोचतं. रुग्ण अत्यवस्थ नसेल तर एवढा वेळ औषध थांबू शकतं, आणि अत्यवस्थ असेल तर तासाभरात तिन्ही नमुने घेऊन लगेच औषध सुरू करता येतं. माझ्या व्यवसायबंधूंना मी इथून हात जोडून सांगतो: हृदयात दोष आहे आणि तापाचं दुसरं ठळक कारण दिसत नाही, अशा माणसाला पहिली गोळी लिहिण्याआधी रक्त घ्या.

आता दातांकडे येतो. आपल्या या घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यातच, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती उजेडात आली. लहान मूल गेलं की ती माणसं दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. दूर कुठे नेत नसत. अभ्यासकांनी त्या सांगाड्यांचे दात तपासले, कीड, झीज, दुधाच्या दातांवरच्या कुपोषणाच्या खुणा नोंदवल्या. मी जेव्हा जेव्हा त्याबद्दल वाचतो तेव्हा एकच विचार येतो. दात तीन हजार वर्षं टिकतो आणि आपली गोष्ट सांगतो. हृदय काही मागे ठेवत नाही. त्या कुंभांत हृदयात छिद्र असलेली मुलंही असतील, पण हाडावर त्याची खूण उरत नाही. जी खूण सांगायची ती जिवंत माणसांनीच सांगावी लागते.

माझ्या रुग्णाची एक दाढ अर्धी तुटलेली होती. वडिलांचं गुऱ्हाळ, लहानपण काकवी आणि गरम गूळ खाण्यात गेलेलं. ठणका लागला की ती लवंग धरायची. आपल्याकडे दात दुखला की मिसरी लावतात, तंबाखूची चिमूट धरतात, आणि अगदीच असह्य झालं की काढून टाकतात. दंतवैद्याकडे दुखण्याआधी जायचं असतं, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही.

दात काढण्याआधी प्रतिजैविक घ्यावं का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पूर्वी जवळजवळ प्रत्येक दोषात ते द्यायचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये हा नियम आवळला. कारण असं, की दात घासताना, चावताना रोज थोडे जंतू रक्तात उतरतच असतात. वर्षातून एकदा गोळी घेऊन रोजचा धोका टळत नाही. म्हणून आता ती मात्रा फक्त सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांना सांगितली जाते. कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हा आजार होऊन गेलेले, दुरुस्ती न झालेली निळी मुलं, कृत्रिम ठिगळ किंवा उपकरण बसवून सहा महिने न झालेले, आणि ठिगळाच्या कडेने अजून गळती राहिलेले. हिरडी किंवा दाताच्या मुळाशी काम असेल तेव्हा अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन, मोठ्यांना २ ग्रॅम, मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम, एकदाच. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. हे डॉक्टरांना विचारूनच. नुसतं लहान छिद्र असलेला माणूस या यादीत बसत नाही. त्याला गोळीपेक्षा रोज दोनदा ब्रश आणि सहा महिन्यांनी दंतवैद्य हेच जास्त उपयोगी.

म्हणजे माझ्या रुग्णाला गोळी न घेतल्यामुळे हा आजार झाला, असं नाही. तो ओळखला गेला नाही, याचं कारण वेगळं होतं, आणि आजचा माझा खरा विषय तोच आहे.

तिच्या हृदयातला दोष सापडलेला होता. सरकारी तपासणीत सापडला होता. आपल्या राज्यात ही व्यवस्था आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा पथक येतं, मुलांची छाती ऐकतं, संशय आला तर पुढे पाठवतं. त्यातून कितीतरी मुलांची ऑपरेशनं सरकारी खर्चाने झाली. जिवंत जन्मलेल्या हजार बाळांत ८ ते ९ जणांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, हे पाहिलं तर या पथकांची किंमत कळेल. आपल्या दोन्ही तालुक्यांत हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुलं या तपासणीतून निसटतात, त्यांचे कागद गावी राहतात. तो एक वेगळा घाव आहे.

पण सापडलेला दोष पुढे जातो कुठे? मुलगा असेल तर नोकरीच्या, भरतीच्या वेळी कागद कपाटात जातो. मुलगी असेल तर स्थळं पाहायला लागल्या दिवसापासून. आईबाप ठरवून टाकतात की हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. आपण सगळ्यांनीच सोयरीक जुळवताना असे प्रश्न विचारले आहेत, ज्यांचं खरं उत्तर दिलं तर मुलगी घरी बसेल. ऑपरेशन झालेलं असेल तर छातीवरचा वण लपवायला बंद गळ्याचे ब्लाउज शिवले जातात. मुलीला बजावलं जातं, आणि ती इतकी आज्ञाधारक असते की ताप डोक्यात जाईपर्यंत बोलत नाही. डॉक्टरपुढे सासू बसलेली असते. डॉक्टर विचारत नाही. विचारलं तरी "आधीचा काही आजार?" एवढंच, आणि तेही सासूकडे बघून.

पुण्याच्या रुग्णालयात ती सहा आठवडे होती. सासूबाई तिच्यापाशी राहिल्या. घरी म्हशी, शेतात ऊस, तरी राहिल्या. वडील भेटायला आले तेव्हा त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पाव्हणं, सांगितलं असतं तर मी पोरीला हाकलून दिली असती व्हय?" वडील म्हणाले, "हाकलून नसती दिली. पण केली असती का?" त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदराने सुनेच्या कपाळावरचा घाम टिपत राहिल्या.

झुबका विरला, ताप गेला. काही महिन्यांनी छिद्रावर ठिगळ लावण्याचं ऑपरेशन झालं. एकदा हा आजार होऊन गेल्यामुळे ती आता त्या जोखमीच्या यादीत कायमची आली.

मग ही लपवालपवी मोडायची कशी? डॉक्टर बानू कोयाजी यांनी १९७२ नंतर शिरूर तालुक्यातल्या वढूला आरोग्याचं काम उभं केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. गावातली बाई दुसऱ्या बाईशी चुलीपाशी जे बोलते ते दवाखान्यात बोललं जात नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आज गावोगाव आशाताई आहेत. नव्या सुनेची नोंद त्यांच्याकडेच होते. तिला एकटीला गाठून त्यांनी विचारावं: लहानपणी छातीत आवाज आहे असं कोणी सांगितलं होतं का? ऑपरेशन झालंय का? ते उत्तर त्यांच्यापाशी आणि डॉक्टरांपाशी राहावं. आणि आम्ही डॉक्टरांनी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवायला शिकावं. मी आता बसवतो. सासू असो, नवरा असो, आई असो.

मी माझ्या अशा रुग्णांना एक कार्ड देतो. त्यावर मराठीत चार ओळी आहेत: हृदयात कोणता दोष आहे; ऑपरेशन कधी झालं; ताप आला तर औषधाआधी रक्ताचं कल्चर; दात रोज घासा, दंतवैद्याला हे कार्ड दाखवा. तिला कार्ड दिलं तेव्हा सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "डॉक्टर, वाचून दाखवा." मी वाचलं. "परत वाचा." चार वेळा वाचून घेतलं.

गेल्या पावसाळ्यात माहेरी असताना सुनेला ताप भरला. सासूबाई एसटीने दौंडला गेल्या. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानेच नंतर मला फोन करून सांगितलं, की केस काय आहे हे विचारायच्या आत म्हातारी टेबलापाशी येऊन म्हणाली, "डॉक्टर, हिच्या काळजाला भोक व्हतं, ठिगळ लावलंय. झडपंला जंतू लागला व्हता. आधी रगत काढा, मंग गोळी द्या."

त्याने रक्त काढलं. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. ताप डेंग्यूचा निघाला, आठवड्यात उतरला.